निद्रित बालकांचें भय : एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

रात्रीं साडेआठाच्या सुमारास निजविलेलें तीन-चार वर्षांचें मूल दहा वाजतां एकाएकीं किंकाळी फोडून उठून बसतें. डोळे सताड उघडे, छाती धडधडत असलेली, अंग घामानें भिजलेलें. आई धांवत येऊन त्याला पोटाशीं धरूं पाहते. पण तें तिला ओळखीत नाहीं. उलट तिला दूर लोटतें आणि खोलीच्या कोपऱ्याकडे पाहून अधिकच ओरडूं लागतें. घरांतील माणसें जागीं होतात. कोणी दिवा लावतें, कोणी पाणी आणतें, कोणी अंगारा लावतें. पांच-दहा मिनिटांनीं मूल आपोआप शांत होतें आणि कुशीवर वळून पुन्हां गाढ झोंपी जातें. सकाळीं तें नेहमीप्रमाणें हंसत-खेळत उठतें. रात्रीच्या प्रसंगाची त्याला आठवणहि नसते. आठवण राहते ती आईबापांना, आणि तिच्याबरोबर एक प्रश्नहि राहतो : मुलाला काय दिसलें?

हा प्रश्न आजचा नाहीं. बाबिलोनचे मांत्रिक, ग्रीसचे वैद्य, भारतांतील आयुर्वेदाचार्य, इंग्लंडांतील डॉक्टर आणि व्हिएन्नाचे मानसशास्त्रज्ञ यांनीं आपापल्या परीनें त्याचीं उत्तरें दिलीं. हीं उत्तरें परस्परांहून अगदीं भिन्न होतीं. परंतु त्यांत एक गोष्ट समान होती. प्रत्येक उत्तरानें कोणाला तरी अपराधी ठरविलें : कधीं पिशाचाला, कधीं दाईला, कधीं मुलाच्या पोटाला, तर कधीं खुद्द मुलाच्या मनाला. याच काळांत दुसरा एक विचारप्रवाहहि वाहत होता. तो कारणांचा नव्हे, शुश्रूषेचा होता. भ्यालेल्या मुलाशीं कसें वागावें, एवढेंच तो सांगत असे. आणि आश्चर्य असें कीं, कारणें सांगणाऱ्यांचे तर्क एकामागून एक कोसळले, तरी शुश्रूषा सांगणाऱ्यांचें म्हणणें बहुतांशीं टिकून राहिलें. या दोन प्रवाहांची कथा म्हणजेच या विषयाचा इतिहास होय.

इसवी सनापूर्वीं सुमारें १८०० च्या काळांतील बाबिलोनी मृत्तिकापट्टांवर रडणाऱ्या तान्ह्या मुलाला निजविण्याचे मंत्र सांपडले आहेत. अंधाराच्या घरांतून सूर्यप्रकाशांत आलेल्या बाळानें आतां रडावें कां, त्याच्या आक्रोशानें घरच्या देवतेची झोंप मोडली, असा त्यांचा भाव आहे. पुढें याच भूमींत लमश्तु नांवाच्या राक्षसीची भीति सर्वत्र पसरलेली दिसते. सिंहाचें मस्तक असलेली, कुत्र्याच्या व डुकराच्या पिल्लांना अंगावर पाजणारी अशी तिची आकृति ताइतांवर कोरीत. ती गर्भिणींना आणि अर्भकांना पीडा देते अशी समजूत होती, आणि तिला हांकलण्यासाठीं पाझुझु नांवाच्या दुसऱ्या पिशाचाची प्रतिमा जवळ बाळगीत. या समजुतींना हंसणें सोपें आहे. परंतु ज्या काळीं घरोघर अर्भकें दगावत, त्या काळीं मध्यरात्रींच्या एका किंकाळीनें आईच्या काळजाचें काय होत असेल, हें ध्यानांत घेतलें म्हणजे हंसूं येत नाहीं.

ग्रीसमध्यें हीच भीति हेकेटी या देवतेच्या नांवाशीं जोडलेली होती. हिपोक्रेटिसच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या ग्रंथसंग्रहांत ‘पवित्र रोग’ नांवाचा एक निबंध आहे. तो इसवी सनापूर्वीं ४०० च्या आसपासचा मानला जातो. त्याचा मुख्य विषय अपस्मार हा आहे. पण रात्रीं भिऊन बिछान्यावरून उडी मारणाऱ्या व बाहेर धांवत सुटणाऱ्या माणसांचाहि त्यांत उल्लेख येतो. हा हेकेटीचा आणि मृत वीरांचा संचार आहे असें सांगून गंडे-मंत्र करणाऱ्यांवर निबंधकारानें कडक टीका केली आहे. ज्यांना रोग समजत नाहीं ते आपलें अज्ञान झांकण्यासाठीं देवांचें नांव पुढें करतात, असें त्याचें म्हणणें असून रोगाचें मूळ त्यानें मेंदूंत शोधलें. त्याच संग्रहांतील सूत्रग्रंथांत नवजात व लहान मुलांच्या विकारांची जी यादी आहे तींत तोंड येणें, ओकारी, खोकला, निद्रानाश यांच्या जोडीला ‘भय’ हेंहि नांव आहे. भयाला खोकल्याच्या पंक्तीस बसविणें ही गोष्ट क्षुल्लक नाहीं. ज्याची नोंद खोकल्याबरोबर होते, त्याचा विचार मांत्रिकाऐवजीं वैद्यानें करावयाचा असतो.

भारतांत या विषयाचा विचार अधिक विस्तारानें झाला; कारण येथें बालकांचें वैद्यक, म्हणजे कौमारभृत्य, हें आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकीं एक स्वतंत्र अंग होतें. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत नऊ बालग्रह सांगितले आहेत : स्कंद, स्कंदापस्मार, शकुनी, रेवती, पूतना, अंधपूतना, शीतपूतना, मुखमंडिका आणि नैगमेष. वाग्भटानें ही संख्या बारापर्यंत नेली. माधवनिदानांत ग्रहबाधेचीं जीं सामान्य लक्षणें दिलीं आहेत, त्यांत मूल क्षणांत दचकतें, क्षणांत भितें व रडतें, नखांनीं व दांतांनीं दाईला आणि स्वतःला ओरबाडतें, वर टक लावून पाहतें, दांत खातें, रात्रीं जागें राहतें, असें वर्णन आहे. रात्रीं भिणाऱ्या मुलाचें चित्र या वर्णनांत सहज ओळखूं येतें. परंतु ग्रहांच्या लक्षणांत त्याच्या शेजारींच ताप, अतिसार, ओकारी आणि आंकडी हींहि आहेत. यावरून असें दिसतें कीं, ग्रहबाधा हें एका रोगाचें नांव नव्हतें. ज्याला बोलतां येत नाहीं अशा जीवाच्या, कारण न उमगणाऱ्या नाना व्यथांना दिलेलें तें एक समाईक नांव होतें. ही अडचण प्राचीनांना कळत होती. नेपाळांत सांपडलेल्या हस्तलिखितावरून मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें १९३८ सालीं काश्यपसंहिता प्रसिद्ध केली. तींत ‘वेदनाध्याय’ नांवाचा एक संपूर्ण अध्याय आहे. मुलाच्या हालचालींवरून, रडण्यावरून आणि स्पर्शाला तें देत असलेल्या प्रतिसादावरून त्याला कोठें काय दुखतें हें ओळखण्याची रीति त्यांत सांगितली आहे.

महाराष्ट्राच्या घरांतून हा ग्रहविचार ग्रंथांपेक्षां रूढींच्या रूपानें अधिक नांदला. पांचवी-सहावीच्या रात्रीं सटवाईची पूजा करावयाची, श्रावणांत जिवतीचा कागद भिंतीवर लावावयाचा, तिन्हीसांजेला मीठ-मोहऱ्यांनीं दृष्ट काढावयाची, या चाली पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. पाळण्यांतील बाळ झोंपेंत हंसलें किंवा मुसमुसलें, म्हणजे ‘सटवाई हंसविते, सटवाई रडविते’ असें घरांतील वडीलधाऱ्या बायका म्हणत. या समजुतींत एक शहाणपण होतें. झोंपेंतील हंसणें-रडणें हें बाळाच्या वाट्याला येणारच, त्यांत बाळाच्या आईचा दोष नाहीं, असा दिलासा नव्या आईला त्यांतून मिळे. उलट दोष असा होता कीं, खरोखरच तापानें किंवा आंकडीनें आजारी असलेलें मूलहि याच समजुतीच्या आधारावर औषधावांचून राही.

आतां दुसरा प्रवाह पाहावा. ज्या सुश्रुतसंहितेनें नऊ ग्रह सांगितले, तिच्याच शारीरस्थानांत बालकाला कसें हाताळावें याचे नियम आहेत. मुलाला सुखकर वाटेल अशा रीतीनें घ्यावें, त्याला दटावूं नये, आणि तें भिईल म्हणून झोंपेंतून एकदम जागें करूं नये, असें तेथें स्पष्ट सांगितलें आहे. चरकसंहितेनें तर याच्याहि पुढें मजल मारली. मुलाचीं खेळणीं रंगीत, आवाज करणारीं, हलकीं असावींत; तीं टोंकदार नसावींत, तोंडांत जाण्याजोगीं नसावींत आणि भीतिदायकहि नसावींत, असें तिनें म्हटलें आहे. त्यानंतर येतो तो उपदेश फार मोलाचा आहे. मूल रडत असलें, जेवत नसलें किंवा ऐकत नसलें, तरी त्याला वठणीवर आणण्यासाठीं राक्षस, पिशाच, पूतना यांचीं नांवें घेऊन भिववूं नये. ज्या ग्रंथपरंपरेला पूतना खरी वाटत होती, तिनेंच पूतनेचें नांव पाळण्यापाशीं उच्चारण्यास मनाई केली. दोन हजार वर्षें हा उपदेश संस्कृतांत होता. आणि तितकींच वर्षें स्वयंपाकघरांत बागुलबुवाचें राज्य अबाधित चाललें होतें.

पाश्चात्यांच्या इतिहासांतहि हाच विरोध दिसतो. आयांनीं मुलांना रात्रीं वेषांतर करून फिरणाऱ्या देवांच्या गोष्टी सांगून भित्रें करूं नये, असें प्लेटोनें आपल्या आदर्श राज्याच्या ग्रंथांत लिहिलें. इंग्लंडांत जॉन लॉकनें १६९३ सालीं शिक्षणाविषयींचे आपले विचार प्रसिद्ध केले. दासी आणि दाया मुलांना ताब्यांत ठेवण्यासाठीं रक्तबंबाळ भुतांचीं नांवें सांगतात, आणि एकदां मनांत रुतलेली ही अंधाराची धास्ती मोठेपणींहि जात नाहीं, असें त्यानें बजावलें. उपदेश योग्यच होता. परंतु त्यामुळें सुशिक्षित घरांतून एक नवा आरोपी निर्माण झाला. मूल रात्रीं किंचाळलें कीं दाईनें कांहींतरी सांगितलें असलें पाहिजे, असा ग्रह होऊं लागला. पिशाच गेलें आणि त्याच्या जागीं मोलकरीण आली.

वैद्यांनीं मात्र पोटाकडे बोट दाखविलें. टॉमस फेअर हा सोळाव्या शतकांतील एक विलक्षण मनुष्य. तो वकील होता, वैद्य होता आणि व्हर्जिलच्या महाकाव्याचा इंग्रजी भाषांतरकारहि होता. १५४४-४५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेलें त्याचें बालरोगांवरील पुस्तक हें इंग्रजी भाषेंतील त्या विषयाचें आद्य पुस्तक समजलें जातें. त्यांत भयंकर स्वप्नें आणि झोंपेंतील भीति यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. पोटांतील दूषित वाफा वर चढून कल्पनाशक्तीला गढूळ करतात, म्हणून मूल दचकून उठतें, असें त्याचें मत होतें. आणि भरल्या पोटीं मुलाला निजवूं नये, असा त्याचा सल्ला होता. वाफांची कल्पना गेली. भरल्या पोटाचा सल्ला कित्येक घरांत अजून चालू आहे.

एकोणिसाव्या शतकांत या विकाराला वैद्यकीय नांव मिळालें. लॅटिन भाषेंत त्याला ‘पॅव्हॉर नॉक्टर्नस’, म्हणजे रात्रिभय, असें म्हणूं लागले. लंडनच्या चार्ल्स वेस्ट यांनीं बालरोगांवरील आपल्या व्याख्यानांत त्याचें वर्णन केलें. याच वेस्टच्या प्रयत्नांनीं १८५२ सालीं लंडनमधील ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवर मुलांचें हॉस्पिटल निघालें. त्या काळचे डॉक्टर कारण शोधीत तें मुख्यतः अपचनांत, दांत येण्यांत आणि जंतांत. १८६८ सालीं कोपनहेगनच्या विल्हेल्म मेयर यांनीं नाकाच्या मागच्या बाजूस वाढणाऱ्या मांसग्रंथींचें वर्णन केल्यावर त्या ग्रंथींकडेहि बोट दाखविलें जाऊं लागलें. घोरणारीं व तोंडानें श्वास घेणारीं मुलें रात्रीं अधिक भितात, असें कांहीं डॉक्टरांच्या दृष्टीस आलें होतें. हा धागा पुढें पुन्हां हातीं येणार होता.

याच शतकाच्या इतिहासांतील एक काळें पान उलटल्याविना पुढें जातां येत नाहीं. रात्रीं रडणारें, किंचाळणारें मूल शांत करण्याचें सर्वांत खात्रीचें औषध म्हणून अफू घरोघर शिरली होती. इंग्लंडांत गॉडफ्रेचें कॉर्डियल खपत असे, त्यांत अफू असे. अमेरिकेंत १८४९ पासून मिसेस विन्स्लोचें ‘सूदिंग सिरप’ विकलें जाऊं लागलें, त्यांत मॉर्फीन होतें. बाटलीवर त्याचा उल्लेख नसे. १९०६ सालच्या कायद्यानें असे घटक छापणें भाग पडलें, आणि १९११ सालीं अमेरिकन मेडिकल असोसिएशननें असल्या औषधांची बालघातक म्हणून निर्भर्त्सना केली. मुंबईंतहि ‘बाळागोळी’ या नांवानें अफूच्या गोळ्या मिळत. गिरणींत दहा-दहा तास उभ्या राहणाऱ्या आया घरीं ठेवलेल्या तान्ह्या मुलाला ती गोळी देत. १९२२ सालीं सरकारनें नेमलेल्या स्त्री-डॉक्टरांच्या पाहणींत ही चाल कामकरी वर्गांत अतिशय पसरलेली आढळून आली. या आयांना दोष देण्यापूर्वीं त्यांच्या दिवसाचे तास मोजले पाहिजेत. परंतु इतिहासाचा धडा स्पष्ट आहे : मुलाच्या भीतीनें अर्भकें मरत नाहींत, ती भीति थांबविण्याच्या मोठ्यांच्या घाईनें मात्र अनेक मेलीं.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइड यांनीं प्रश्नाला वेगळेंच वळण दिलें. स्वप्नांच्या अर्थावरील त्यांच्या ग्रंथावर १९०० हें साल छापलेलें असलें, तरी तो १८९९ च्या नोव्हेंबरांतच बाहेर पडला. त्यांत रात्रिभयाचा विचार आहे. दबाकर नांवाच्या फ्रेंच डॉक्टरानें १८८१ सालीं एका तेरा वर्षांच्या मुलाची हकीकत नोंदली होती. त्या मुलाला झोंपेंत सैतान ओरडतांना ऐकूं येई. मेंदूंत रक्त कमी झाल्यामुळें असें होतें, असा दबाकर यांचा निष्कर्ष होता. फ्रॉइड यांनीं त्याची थट्टा केली आणि दडपलेल्या कामवासना हें कारण सांगितलें. या मतानें पिशाच, दाई व पोट यांची सुटका झाली. परंतु चौथा आरोपी पकडला गेला तो मुलाचें स्वतःचें मन. येथें एक बारकावा ध्यानांत घेण्याजोगा आहे. दबाकर यांच्या त्या मुलाला आपलीं स्वप्नें स्पष्ट आठवत असत. आजच्या कसोटीनें तें बहुधा रात्रिभय नव्हतेंच. तीं दुःस्वप्नें होतीं. पण दुःस्वप्न आणि रात्रिभय या दोन भिन्न वस्तु आहेत, हें त्या वेळीं कोणालाच निश्चितपणें दाखवितां येत नव्हतें.

तें दाखविण्याचें साधन जर्मनींत जन्मास आलें. येना येथील हान्स बेर्गर यांनीं १९२९ सालीं मनुष्याच्या मेंदूंतील विद्युल्लहरींचे आलेख प्रसिद्ध केले. १९३७ सालीं अमेरिकेंतील आल्फ्रेड लूमिस यांनीं झोंप ही एकसारखी नसून तिच्या पायऱ्या असतात, असें त्याच साधनानें दाखविलें. पुढें शिकागो येथें यूजीन ॲसेरिन्स्की हे आपल्या आठ वर्षांच्या मुलाला, आर्मंडला, तारा जोडून रात्र-रात्र तपासीत बसले असतां एक नवल घडलें. मुलगा गाढ झोंपेंत असून त्याचे डोळे पापण्यांखालीं भराभर हलत होते. १९५३ सालीं ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनीं ही गोष्ट प्रसिद्ध केली, आणि जिच्यांत स्पष्ट स्वप्नें पडतात ती ‘चंचलनेत्र निद्रा’ शास्त्राला परिचित झाली.

साहजिकच सर्वांची अपेक्षा अशी कीं, मुलाची किंकाळी या स्वप्ननिद्रेंतून येत असणार. प्रत्यक्षांत उलटेंच निघालें. फ्रान्समधील मार्सेय येथें हेन्री गास्तो यांच्याबरोबर काम केलेले कॅनडाचे रॉजर ब्रॉटन यांनीं १९६८ सालीं ‘सायन्स’ या पत्रांत एक लेख लिहिला. झोंपेंत चालणें, अंथरूण ओलें करणें आणि भयानें किंचाळणें या गोष्टी स्वप्ननिद्रेंत घडत नसून, स्वप्नहीन अशा अतिगाढ निद्रेंतून होणाऱ्या अर्धवट जागृतींत घडतात, असें त्यांनीं मांडलें. अंथरूण ओलें होण्याविषयींचें चित्र पुढील संशोधनानें अधिक गुंतागुंतीचें ठरलें. परंतु रात्रिभय व निद्राभ्रमण यांविषयींचा त्यांचा सिद्धांत आजहि मान्य आहे. मेंदूचा कांहीं भाग जागा होतो, कांहीं झोंपलेलाच राहतो. पाय चालतात, कंठ ओरडतो, हृदय वेगानें धांवतें. पण ओळखणारें, विचार करणारें व आठवण ठेवणारें मन झोंपेंतच असतें. २००० सालीं स्वित्झर्लंडमधील संशोधकांनीं झोंपेंत चालणाऱ्या एका तरुणाच्या मेंदूंतील रक्तप्रवाहाचें चित्र घेतलें, तेव्हां जागृति व निद्रा यांचें असेंच मिश्रण दृष्टीस पडलें.

येथें दोन हजार वर्षांच्या त्या प्रश्नाचा पायाच निखळला. ‘मुलाला काय दिसलें?’ असें प्रत्येकानें विचारलें. उत्तर असें कीं, बहुधा कांहींच दिसलें नाहीं. कोपऱ्याकडे लागलेली त्याची दृष्टि पाहून पाहणाऱ्याच्या मनांत पिशाच उभें राहिलें. मुलाच्या मनांत त्याची खूणहि उरली नव्हती.

या शोधामुळें घरच्या माणसांनाहि दोन अवस्था ओळखण्याची सोपी कसोटी मिळाली. रात्रिभय रात्रीच्या पहिल्या भागांत, झोंप लागल्यापासून एक ते तीन तासांच्या आंत येतें; मूल ओळखीत नाहीं, जवळ घेऊं देत नाहीं, आणि सकाळीं सर्व विसरतें. दुःस्वप्न बहुधा पहांटेच्या बाजूस पडतें. मूल पूर्ण जागें होतें, आईला बिलगतें, स्वप्न सांगतें आणि पुन्हां झोंपावयास भितें. दुःस्वप्न पडलेल्या मुलाला कुशींत घेऊन धीर द्यावा. लॉकचा आणि चरकाचा उपदेश त्याच्याच उपयोगाचा. रात्रिभयांत मात्र समजूत घालण्याजोगें मूल त्या क्षणीं तेथें नसतेंच. एक वर्षाच्या आंतील अर्भकांच्या रात्रीच्या रडण्याला भूक, ओलें दुपटें, पोटदुखी, ताप अशीं साधीं कारणें असतात; त्यांना हें नांव लावण्याची घाई करूं नये.

मुलाच्या मनावरील किंवा आईच्या संगोपनावरील आरोपहि आतां टिकत नाहीं. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत १,९४० मुलांची अनेक वर्षें पाहणी करण्यांत आली. तिचे निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध झाले. दीड वर्षाच्या वयांत शेंकडा ३४.४, पांचव्या वर्षीं शेंकडा १३.४ आणि तेराव्या वर्षीं केवळ शेंकडा ५.३ मुलांत रात्रिभय आढळलें. एवढ्या मुलांना जें होतें तें पाप नव्हे, शापहि नव्हे. वाढत्या मेंदूच्या वाटेवरील तो एक टप्पा आहे. त्याच पाहणींत आईबापांपैकीं कोणीहि झोंपेंत चालणारें नसल्यास शेंकडा २२.५ मुलें निद्राभ्रमण करीत, एक तसें असल्यास शेंकडा ४७.४, आणि दोघेंहि तशीं असल्यास शेंकडा ६१.५. हा स्वभाव रक्तांतून येतो. क्वेबेकमधीलच ३९० जुळ्यांच्या जोड्यांच्या अभ्यासानें, २००८ सालीं, रात्रिभयाविषयींहि अनुवंशाचाच कौल दिला.

स्वभाव रक्तांतला असला, तरी ठिणगी बाहेरून पडते. अपुरी झोंप, दुपारची झोंप बंद झाल्यानें आलेला थकवा, ताप, भरलेलें मूत्राशय, एकाएकीं झालेला आवाज हीं नेहमींचीं निमित्तें होत. २००३ सालीं स्टॅनफर्ड येथील क्रिस्तियां गिलेमिनो व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, अशा अनेक मुलांत घोरणें व श्वासाचा अडथळा हें कारण असतें, आणि ग्रंथींवरील शस्त्रक्रियेनें तो अडथळा दूर केल्यावर रात्रीचें भयहि थांबतें. मेयरनंतरच्या डॉक्टरांनीं पाहिलेला तो धागा असा शंभराहून अधिक वर्षांनीं पुन्हां हातीं आला.

उपचाराच्या बाबतींतहि इतिहासानें एक सुंदर वर्तुळ पुरें केलें. वेस्टनीं स्थापिलेल्या त्याच ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या हॉस्पिटलांतील ब्रायन लास्क यांनीं १९८८ सालीं एक अगदीं साधा उपाय प्रसिद्ध केला. आईबापांनीं पांच रात्रीं किंकाळीची वेळ टिपून ठेवावी. ती रोज ठराविक असेल तर त्या वेळेच्या दहा-पंधरा मिनिटें आधीं मुलाला हलकेच जागें करावें आणि पुन्हां निजूं द्यावें. १९ मुलांवर हा प्रयोग झाला, आणि आठवड्याभरांत त्यांचे झटके थांबले. थोड्यांना ते पुन्हां आले, तेव्हां तोच उपाय पुन्हां लागू पडला. मुलांची संख्या लहान होती, हें खरें. पण ज्या दुखण्यावर एके काळीं मॉर्फीन पाजलें जाई, त्यावर एक घड्याळ आणि आईचा हळुवार हात पुरेसा पडला.

मात्र भय चालू असतां मुलाला गदागदा हालवून जागें करूं नये. त्यानें गोंधळ वाढतो. जवळ बसावें, आवाज मृदु ठेवावा, तें कोठें आपटणार नाहीं, जिन्याकडे किंवा खिडकीकडे धांवणार नाहीं, एवढें पाहावें. निजण्याची वेळ नियमित व लवकरची ठेवावी. सकाळीं त्या प्रसंगाची चर्चा, विशेषतः पाहुण्यांसमोर, करूं नये. ज्याची मुलाला आठवण नाहीं त्याची लाज त्याच्या पदरीं बांधण्यांत अर्थ नसतो. बहुतेक मुलांत हा त्रास कुमारवयापर्यंत आपोआप नाहींसा होतो. परंतु मूल मोठ्यानें घोरत असेल, एका रात्रींत अनेकदां आणि दर वेळीं अगदीं सारख्याच हालचाली करून उठत असेल, हातपाय ताठ होत किंवा झटके देत असतील, दिवसा पेंगुळलेलें राहत असेल, किंवा झटक्यांत त्याला इजा होत असेल, तर डॉक्टरला दाखविण्यांत दिरंगाई करूं नये. अशा वेळीं कांहींदां श्वासाचा विकार अथवा अपस्मार मागें दडलेला असतो. झोंपेचें औषध मनानें देणें तर सर्वथा वर्ज्य होय.

लमश्तु, हेकेटी, पूतना, पोटांतल्या वाफा आणि दडपलेल्या वासना, हीं सारीं नांवें मोठ्या माणसांनीं आपल्या भीतीला दिलेलीं होतीं. कारण सांगण्याची घाई झाली तेव्हां शहाणींसुरतीं माणसेंहि चुकलीं. मुलाकडे शांतपणें पाहिलें तेव्हां तींच माणसें बरोबर निघालीं. निजलेल्या मुलाला एकदम जागें करूं नये आणि रडणाऱ्या मुलाला भुताचें नांव सांगूं नये, हे दोन नियम विजेच्या तारांची वाट न पाहतां दोन हजार वर्षांपूर्वीं लिहिले गेले. आजच्या आईबापांना त्यांत भर घालावयाची आहे ती इतकीच : आपल्या मनांतील भीति आवरून, तीं दहा मिनिटें मुलाजवळ जागें राहणें.